नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाने तिकिटाविना कोणते सांस्कृतिक कार्यक्रम अनुभवावेत?

आपण सार्वजनिक, विनामूल्य कार्यक्रमांविषयी विचारले आहे, म्हणून सर्वप्रथम वसंत व्याख्यानमालेचे नाव घेतो. 1922 साली सुरू झालेली ही व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाघाटावरील देव मामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर उघड्या आकाशाखाली भरते आणि शहराला तिचा सार्थ अभिमान आहे.

रंगपंचमीला मात्र जुन्या नाशकातच जावे. वर्षभर लाकडी फळ्या आणि मातीखाली बुजवून ठेवलेल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे दगडी बांधणीचे हौद, त्या सुमारास उकरून स्वच्छ केल्या जातात, त्यांत रंगाचे पाणी भरले जाते आणि पूजा झाल्यावर लोक त्यांत उड्या घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. शनी चौक किंवा तिवंधा येथे जावे, परंतु गर्दी प्रचंड असल्याने लहान मुलांना दुरूनच दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याशिवाय 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीदिनी, मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम होतात. दिवाळीत पिंपळपारावरची पाडवा पहाट ऐकावी. 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्वही अवश्य घ्यावे, कारण शहरातील रसिकांची ओळख तेथे सहज होते.