वस्तूआधी तिची हकीकत लिहून घे

गिरणगावातल्या घरांतून आपल्या संग्रहालयात वस्तू येतील: हजेरीचा बिल्ला, पगाराची पाकिटं, भजनी मंडळाचे टाळ, १९८२च्या संपातली पत्रकं. आली की थेट कपाटात टाकू नकोस. देणारे काका समोर बसलेत तोवर विचार, कुठली गिरणी, साचाखातं (विणकाम) की त्रासन (सूतकताई), फोटोत डावीकडून कोण कोण. घाईत नावं राहतात, आणि पुढच्या पिढीला ती ठाऊक नसतात. मोबाइलवर त्यांचा आवाजही घे, अर्थात परवानगीने.

मग दाखल-वहीत क्रमांक आणि देणगीपत्रावर सही. ‘सध्या तुमच्याकडे ठेवा’ म्हणून दिलेलं घेऊ नये. नंतर भावाभावांत वाद होतो आणि मधे आपण सापडतो.

कागदाला लॅमिनेशन नाही, सेलोटेप तर मुळीच नाही. क्रमांक मागे मऊ पेन्सिलीने लिही, कपड्याला सुती पट्टी शिवून. टाचण्या काढ, गंजतात. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून दर आठवड्याला खोकी उघडून बघ.

आणि दहावा पितळी डबा आला तर गोडीत नाही म्हणायला शीक. जागा आपल्याकडे एवढीशीच आहे.