नळी की शिरेतली पिशवी?

प्रश्न : सासरे (वय ६६, वजन ६० किलो) न्यूमोनियामुळे आयसीयूत आहेत. नाकातल्या नळीतून आहार चालू आहे. नातेवाईक म्हणतात, शिरेतून पोषणाची पिशवी लावा, ताकद लवकर येईल. तिचा खर्च रोज काही हजार. दागिने मोडावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, एवढ्यासाठी दागिने मोडू नका. आतडी काम करत असतील तर नळीच बरी. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर झालेला एपॅनिक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नळीचा आहार अपुरा पडणाऱ्या काहींना ४८ तासांत शिरेतून पोषण दिलं, इतरांना आठव्या दिवसापर्यंत थांबवलं. थांबलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला, ते लवकर बाहेर पडले आणि खर्चही माणशी सरासरी १,११० युरोंनी घटला. उपचारात काटकसर न करता वाचलेले पैसे आहेत हे!

आतड्यात अडथळा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पिशवी लागतेच, मग खर्चाकडे पाहू नये.

तुम्ही डॉक्टरांना एक विचारा : ठरवलेल्या आहारापैकी काल प्रत्यक्षात किती गेला? स्कॅन, तपासण्या, प्रोसीजर यांसाठी नळी बंद ठेवतात आणि पुन्हा सुरू करायला उशीर होतो. आहारतज्ज्ञ म्हणून मला हीच गळती सर्वात जास्त खुपते. बिलात दिवस पूर्ण लागतो, पोटात मात्र निम्मंच जातं. सासऱ्यांच्या वजनाला स्थिरावल्यावर रोज साधारण ७२ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत. घरची पेज परस्पर नळीत घालू नका. नळी तुंबते, संसर्गाचीही भीती असते.