‘निअर’, ‘निअरबाय’ आणि भलतीकडे गेलेलं ‘निअरली’

प्रश्न असा आहे: ‘तो स्टेशनजवळ राहतो’ हे इंग्रजीत सांगताना ‘निअर द स्टेशन’ म्हणायचं की ‘निअरबाय द स्टेशन’? आणि ‘क्विक’वरून ‘क्विकली’ होतं, तर ‘निअर’वरून झालेल्या ‘निअरली’चा अर्थ ‘जवळ’ का होत नाही?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘निअर द स्टेशन’. ‘निअरबाय’ आपल्या मागे नाम घेत नाही. ते वाक्यात सुटं येतं (‘ही लिव्ह्ज निअरबाय’), नाहीतर नामाच्या आधी विशेषण होऊन येतं (‘अ निअरबाय शॉप’). तरी फोनवर पत्ता सांगताना आपल्या तोंडून ‘निअरबाय द स्टेशन’ निघतंच, कारण मराठी ‘जवळ’ दोन्ही कामं करतं. ‘स्टेशनजवळ’मध्ये ते शब्दयोगी अव्यय असतं आणि ‘जवळच राहतो’मध्ये क्रियाविशेषण. म्हणून मी एक कामचलाऊ कसोटी सांगतो: ‘जवळ’ आधीच्या शब्दाला चिकटलेलं असेल तर ‘निअर’, सुटं असेल तर ‘निअरबाय’. मात्र ‘जवळ ये’ म्हणताना ही कसोटी फसते. तिथे हालचाल आहे, त्यामुळे ‘कम निअर’ किंवा ‘कम क्लोजर’. ‘कम निअरबाय’ नाही.

दुसरा प्रश्न जास्त मजेदार आहे. विशेषणाला ‘ली’ लावला की क्रियाविशेषण होतं, हा शाळेतला नियम अर्धाच खरा. जुन्या इंग्रजीत बऱ्याच विशेषणांना नुसता ‘ए’ लावूनही क्रियाविशेषण होत असे. तो शेवटचा स्वर पुढे झिजून गेला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘डीप’ हे शब्द दोन्ही भूमिकांत सारखेच दिसू लागले. मग अनेक जोड्यांमध्ये कामाची वाटणी झाली. जागा, अंतर, शरीराची हालचाल बिन-‘ली’च्या रूपाकडे राहिली, आणि प्रमाण किंवा मनातलं काही सांगायचं काम ‘ली’वाल्याकडे गेलं. उडी ‘हाय’ मारायची, पण कौतुक ‘हायली’ करायचं. ‘स्टँड क्लोज’ म्हणजे जवळ उभा राहा, ‘वॉच क्लोजली’ म्हणजे बारकाईने बघ. (या ‘क्लोज’चा उच्चार खरं तर ‘क्लोस’; ‘ज’ येतो तो दार बंद करण्याच्या क्रियापदात.)

‘निअरली’चंही तेच झालं. पूर्वी त्याचा अर्थ ‘जवळून, बारकाईने’ असाही होता. आज मुख्यतः ‘जवळजवळ’ एवढाच उरला आहे. आता बघा, आपण तरी काय केलं? ‘जवळ’ दोनदा म्हटलं आणि अंतर सोडून प्रमाणावर आलो: ‘जवळजवळ संपलं’. त्यामुळे मराठी माणसाला ‘निअरली’ खरं तर परकं वाटायला नको.

मूळ ‘निअर’ची गोष्ट याहून गमतीची. जुना शब्द होता ‘नाय’, म्हणजे जवळ (आपल्या ‘नाय’शी नातं नाही). ‘निअर’ हे त्याचंच तुलनेचं रूप, म्हणजे ‘अधिक जवळ’. आणि ‘नेक्स्ट’ म्हणजे ‘सर्वांत जवळ’. ‘नेबर’ या शब्दाच्या सुरुवातीलाही तोच ‘नाय’ आहे: जवळ राहणारा. पुढे ‘निअर’मधली तुलना लोक विसरले आणि त्याच्यावर पुन्हा ‘निअरर’, ‘निअरेस्ट’ चढवलं. हसण्यासारखं त्यात काही नाही. संस्कृतात ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगला, तरी आपण बिनदिक्कत ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ लिहितो.

संस्कृतातही जवळिकीचे शब्द असेच वाकडे चालतात. ‘अन्तिक’ म्हणजे जवळ, पण त्याची पुढची रूपं ‘नेदीयस्’ आणि ‘नेदिष्ठ’. पाणिनीला त्यासाठी वेगळं सूत्र करावं लागलं. हाच ‘नेद’ इराणी भाषांमध्ये ‘नज़्द’ होऊन भेटतो, त्यावरून फारसी ‘नज़्दीक’, आणि तिथून आपलं ‘नजीक’. म्हणजे ज्याला आपण परका फारसी शब्द समजतो, तो ‘नेदिष्ठ’चा चुलतभाऊच निघाला.

राहता राहिलं ‘निअर टू’. जागेसाठी साधं ‘निअर’ पुरतं. ‘टू’ शोभतो तो तुलना असेल तेव्हा (‘द हाउस निअरेस्ट टू द टेम्पल’), किंवा अवस्थेच्या काठाशी आल्यावर (‘निअर टू टिअर्स’, रडायच्या बेतात). ‘क्लोज’चं मात्र उलट आहे. त्याच्यामागे नाम आलं की ‘टू’ हवाच: ‘क्लोज टू द स्टेशन’. अर्जात किंवा पत्त्यात ‘क्लोज द स्टेशन’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला स्टेशन बंद करा असंच वाटेल.