अमेरिकेत प्राध्यापकी करून पुढे राज्याच्या विधिमंडळात गेलेलं कोणी भारतात जन्मलेलं आहे का?

आहेत ना, गझाला हाश्मी. जन्म १९६४, हैदराबाद. वडील जॉर्जियात शिकवायचे, म्हणून चार वर्षांच्या असताना तिकडे गेल्या. एमरी विद्यापीठातून अमेरिकन साहित्यात पीएचडी, मग तीसेक वर्षं व्हर्जिनियात अध्यापन, त्यातला बराच काळ रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेजात. २०१७ ची ट्रम्प यांची प्रवासबंदी (काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना अमेरिकेत येण्यास मनाई) मात्र फार झोंबली, म्हणून राजकारणात उतरल्या. २०१९ मध्ये पहिल्याच निवडणुकीत त्यांनी विद्यमान रिपब्लिकन सिनेटरला पाडलं आणि व्हर्जिनिया राज्याच्या सिनेटवर गेल्या. (आपल्या विधान परिषदेसारखं वरचं सभागृह, पण थेट जनतेतून निवडलेलं.) तिथं शिक्षण व आरोग्य समितीचं अध्यक्षपदही सांभाळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदी (राज्यात गव्हर्नरखालोखालचं पद) निवडून आल्या. त्या नात्याने सिनेटचं कामकाज चालवणंही त्यांच्याकडेच आलं.