मुलीच्या दुःखाला ‘मिथ्या’ म्हणण्याआधी

सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर आपण वेदान्ताची प्रवचने ऐकू लागलात, पहाटे बसून ‘मी कोण?’ हा विचार करू लागलात आणि मन पुष्कळ शांत झाले, असे आपण लिहिता. दिवाळीत मुलगी घटस्फोटाची नोटीस हातात घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच रडू लागली, तेव्हा आपण तिला म्हणालात, “हे सारे मिथ्या आहे, तू साक्षी हो.” तेव्हापासून ती आपल्याशी बोलत नाही आणि पत्नी आपल्याला दगड म्हणते. साधना सोडावी, की घरच्यांचा हा रोष प्रारब्ध समजून सोसावा, असे आपण विचारता.

दोन्ही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्मविचार खरा आहे, पण तो आपण चुकीच्या माणसावर चालवलात. आत्मज्ञान होईपर्यंत सगळा व्यवहार सत्यच मानावा लागतो, हे खुद्द शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांगितले आहे, आणि मुलीच्या हातातली नोटीस हा व्यवहारच आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतात, वेदांपासून अनेक विद्या शिकल्याचे सांगतात आणि तरीही ‘मी शोक करतो आहे, मला या शोकापलीकडे न्या’ अशी विनवणी करतात. त्यांचा शोक खोटा आहे, असे सनत्कुमार म्हणत नाहीत. ‘तुला काय येते ते आधी सांग, त्याच्या पुढचे मी सांगेन’ असे म्हणून ते नारद जिथे उभे आहेत तिथून, नामापासून म्हणजे केवळ शब्दज्ञानापासून, एकेक पायरी चढवत त्यांना ‘भूमा’ म्हणजे अनंत तत्त्वापर्यंत नेतात. शिवाय नारद स्वतः विचारायला आले होते; आपली मुलगी वेदान्त ऐकायला नव्हे, बापाकडे आली होती.

ज्या रमण महर्षींचा ‘मी कोण?’ हा मार्ग आपण धरला आहे, त्यांच्याकडेच पाहा. 1896 मध्ये, सोळाव्या वर्षी, मदुराईत मृत्यूच्या अनुभवातून त्यांना आत्मबोध झाला आणि ते घर सोडून तिरुवण्णामलैला गेले. 1898 मध्ये आई परत न्यायला आली तेव्हा ते बोलले नाहीत. जे व्हायचे ते होणारच, अशा आशयाचे उत्तर त्यांनी लिहून दिले. आपल्यासारख्या साधकांना हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यातून अलिप्ततेला आधार मिळतो. परंतु तीच आई 1916 मध्ये त्यांच्याजवळ राहायला आली आणि 1922 च्या मे महिन्यात तिचा अंतकाळ आला, तेव्हा एक हात तिच्या मस्तकावर व एक हृदयावर ठेवून ते तासन् तास, अखेरपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. गीतेच्या तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, घर यांविषयीची अनासक्ती ज्ञानलक्षणांत मोजली आहे हे खरे, पण तिच्या आधी त्याच यादीत अहिंसा, क्षमा आणि सरळपणा येतात. ते वगळून पुढचे एकच लक्षण उचलता येत नाही.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. पत्नीने दगड म्हटल्यावर ‘आतून संताप आला, पण मी तो दाखवला नाही’, असे आपण लिहिले आहे. आपला आत्मविचार इथे सुरू व्हायला हवा. हा संताप कोणाला आला? ‘मी अलिप्त आहे’ असे म्हणवून घेणारा जो कोणी आत बसला आहे, त्यालाच तो शब्द लागला असावा, आणि कदाचित मुलगी रडू लागल्यावर भेदरून ‘मिथ्या’च्या आड गेला तोही तोच. उद्या पहाटेच्या बैठकीला हाच प्रश्न घ्या आणि उत्तराची घाई करू नका.

मुलीला मात्र आजच फोन करा. वेदान्ताचा एक शब्दही न काढता ‘त्या दिवशी मी तुझे ऐकून घेतले नाही, माझे चुकले’ एवढेच म्हणा. कौटुंबिक न्यायालयाची तारीख कधी आहे ते विचारा, आणि ती हो म्हणाली तर बरोबर जा, वकिलाशी बोलण्याचे काम तिचे तिला करू द्या. तिने फोन उचलला नाही तर हेच दोन ओळींत लिहून पाठवा. पत्नीला मध्यस्थ करू नका. या दिवसांत मुलीचे आणि आपले असे दोन्ही ओझे त्या एकट्या वाहत आहेत, तेव्हा त्यांच्याशीही आपण स्वतंत्रपणे बोलायला हवे.

आपली,
ताई