तलवारीसारखे सुळे असलेले सगळे प्राचीन शिकारी मांजराच्या कुळातलेच होते का?

नाही. स्माइलोडॉन खरोखर मांजरकुळातला होता, पण तसेच लांब सुळे असलेले निम्रॅविड वेगळ्या कुळातले. अमेरिकेत साउथ डकोटाच्या बॅडलँड्समध्ये सापडलेली हॉप्लोफोनिअस या निम्रॅविडाची कवटी पाहिली तर कुणीही ती मांजराचीच म्हणेल. फरक कानाजवळ आहे. खऱ्या मांजराच्या मधल्या कानाभोवतीच्या हाडाच्या फुगीर पोकळीत एक पडदा असतो, तो यांच्यात नव्हता. निम्रॅविडांच्या काही कवट्यांवर दुसऱ्या निम्रॅविडाच्या सुळ्यांनी पाडलेली भोकंही आहेत, म्हणजे ते आपसांतही झुंजत.

उत्तर अमेरिकेतून निम्रॅविड नाहीसे झाल्यावर सुमारे 25 ते 18 दशलक्ष वर्षांपूर्वीच्या खडकांत मांजरासारखा प्राणी जवळजवळ सापडतच नाही. खरी मांजरं तिथं आशियातून नंतर आली.

मला सर्वांत थक्क करतो तो दक्षिण अमेरिकेतला थायलाकोस्मिलस. याचे जीवाश्म 1926 मध्ये अर्जेंटिनात मिळाले. हा तर मांजरापेक्षा कांगारूच्या जवळचा! त्याचे सुळे आयुष्यभर वाढत राहत, मुळं थेट डोळ्यांच्या वरपर्यंत जात. त्यामुळे डोळे बाजूला सरकले होते, शिकारी प्राण्यात सहसा असतात तसे समोर नव्हते. खालच्या जबड्याला सुळ्यांसाठी म्यानासारखे हाडाचे पसरट भाग होते. स्माइलोडॉनने त्याला संपवलं असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं, ते खरं मानू नका. स्माइलोडॉन त्या खंडात पोचण्याच्या बऱ्याच आधी, सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी, थायलाकोस्मिलस नाहीसा झाला होता.