रुग्णालयातील संसर्ग टाळण्याचे प्रशिक्षण कसे द्यावे?

दरवर्षी व्याख्यान ठेवूनही आपल्या ५० खाटांच्या रुग्णालयात कॅथेटरमुळे (लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीमुळे) होणारे लघवीचे संसर्ग कमी होत नाहीत, तेव्हा प्रशिक्षणात काय बदलावे, असे आपण विचारले आहे. संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, हे प्रशिक्षण रुग्णाच्या खाटेपाशीच द्यावे, कारण चूक तिथेच होते.

सुरुवात हातांपासून करावी. अतिनील दिव्याखाली चमकणारे हँडरब (हात निर्जंतुक करण्याचे द्रावण) सर्वांना चोळायला देऊन मग हात दिव्याखाली धरायला सांगितले, की अंगठे आणि बोटांची टोके काळीच राहिलेली दिसतात. एका ज्येष्ठ सर्जननी आपला अंगठा पाहून काही न बोलता पुन्हा हात चोळायला घेतल्याचे मला आठवते. रुग्णाला हात न लावता नुसता खाटेचा कठडा धरला तरी हात स्वच्छ करायचे असतात, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते.

कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता असावी, हे सिस्टरना पाठ असते. मात्र एक्स-रेला नेताना मामा (वॉर्डबॉय) ती पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि नळीतली लघवी उलट आत जाते. म्हणून मामा आणि मावशींना (आयांना) प्रशिक्षणातून कधीही वगळू नये. रोजच्या राउंडमध्ये ‘आज कॅथेटरची गरज आहे का?’ हे विचारण्याची सवय डॉक्टरांना लावावी. अनेक कॅथेटर केवळ कोणी विचारले नाही म्हणून राहिलेले असतात.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातली जाणारी नळी) घालताना पाच साध्या गोष्टी पाळण्याचे ठरवले आणि एखादी पायरी सुटल्यास डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला. त्यानंतर त्या लाइनमुळे होणारे रक्तसंसर्ग खूपच घटल्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ‘सर, थांबा’ म्हणणे नवख्या सिस्टरला जड जाते, त्यामुळे हे वाक्य वरिष्ठ डॉक्टरांसमोरच, त्यांच्या संमतीने म्हणायला लावून त्याचा सराव करून घ्यावा.

आणि पहिल्या सत्राआधी प्रत्येक खाटेपाशी हँडरबची भरलेली बाटली आहे ना, हे पाहावे. रात्रपाळीत ती संपल्यास कोणाकडे मागायची, हेही ठरवून ठेवावे.